‘मला वाटलं’, ‘तो म्हणाला’, ‘मी गेलो होतो’: रोजच्या इंग्रजीत हे कसं सांगायचं

इंग्रजीतली साधी वाक्यं जमायला लागली की बहुतेक जण एकाच जागी अडतात. नाव, काम, वेळ, रस्ता सांगता येतो. पण ‘मला वाटलं तू येणार नाहीस’, ‘तो म्हणाला मी कळवतो’, ‘मी तिथे एकदा गेलो होतो’ असलं काही सांगायची वेळ आली की गाडी थांबते. शब्द माहीत असतात, तरी वाक्य तयार होत नाही. कधी तयार होतं, पण ऐकणारा भलताच अर्थ घेतो.

याचं मूळ मराठीच्या एका सोयीत आहे. मराठीत दुसऱ्याचं बोलणं किंवा आपल्या मनातलं जसंच्या तसं ठेवता येतं. मध्ये ‘की’ किंवा ‘असं’ घातलं की झालं. ‘ती म्हणाली की मी दमलेय’ यातली ‘मी’ म्हणजे ‘ती’, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र सांगणारा आत्ता जिथे आहे तिथूनच सगळं सांगतो. सर्वनामं त्याच्या बाजूने बदलतात, काळ त्याच्या ‘आत्ता’पासून मोजला जातो, आणि आत आलेला प्रश्नसुद्धा प्रश्नासारखा राहत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: ‘मला वाटतं’

‘आय थिंक’ म्हणा आणि पुढे पूर्ण वाक्य जोडा. ‘आय थिंक शी इज अ‍ॅट वर्क.’ ‘आय थिंक दे नो.’ मध्ये ‘दॅट’ घातलं तर चूक नाही, पण बोलताना ते बहुतेक वेळा गळतंच. ‘की’च्या सवयीने आपण ते दर वेळी घालतो आणि वर त्याच्यावर जोरही देतो. त्यामुळे गप्पा अर्जाच्या भाषेत चालल्यासारख्या वाटतात. घालायचंच असेल तर ओझरतं, ‘दट्’ असं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘आय अ‍ॅम थिंकिंग ही इज राइट’. मत सांगताना ‘थिंक’ला ‘इंग’ लागत नाही. ‘आय अ‍ॅम थिंकिंग’ म्हणजे विचार अजून चालू आहे: ‘आयम थिंकिंग अबाउट इट’. किंवा काही करायचं मनात आहे: ‘आयम थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब’. ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘रिमेंबर’ या क्रियापदांनाही तोच नियम आहे. ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’ असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही.

दुसरी चूक नकाराच्या जागेची. मराठीत ‘मला वाटतं तो येणार नाही’ आणि ‘मला नाही वाटत तो येईल’ ही दोन्ही वाक्यं तितकीच सहज आहेत. इंग्रजीचा कल स्पष्टपणे दुसरीकडे आहे: ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’. ‘आय थिंक ही वोन्ट कम’ व्याकरणात बसतं, पण रोजच्या बोलण्यात नकार ‘थिंक’वरच चढतो. ‘होप’चं मात्र उलट आहे. ‘तो येऊ नये म्हणजे झालं’ याला ‘आय होप ही डझन्ट कम’ म्हणायचं, ‘आय डोन्ट होप’ नाही. म्हणून छोटी उत्तरंही वेगवेगळी होतात: ‘आय डोन्ट थिंक सो’, पण ‘आय होप नॉट’.

खात्री कमी-जास्त दाखवायची असेल तर नुसता अंदाज म्हणून ‘आय गेस’, आणि बऱ्यापैकी खात्री असेल तर ‘आयम प्रिटी शुअर’. ‘आय फील’ जपून वापरा. एखाद्या निर्णयाबद्दल मत देताना ते चालतं. पण ‘आय फील द ट्रेन इज लेट’ विचित्र वाटतं, कारण गाडीला उशीर झालाय की नाही ही भावनेची गोष्ट नाही.

मराठीत वाक्याच्या शेवटी येणारं ‘वाटतं’ वेगळं आहे. ‘ते निघाले वाटतं’ याला ‘आय थिंक’ चालतं, पण जास्त नेमकं सांगता येतं. समोर काही खूण दिसतेय, दिवे बंद आहेत, दाराला कुलूप आहे, तर ‘लुक्स लाइक दे हॅव लेफ्ट’. मनात तर्क केला असेल, म्हणजे ‘निघाले असणार’, तर ‘दे मस्ट हॅव लेफ्ट’. ‘निघाले असतील, सांगता येत नाही’ याला ‘दे मे हॅव लेफ्ट’. ‘निघाले असणं शक्यच नाही’ याला ‘दे कान्ट हॅव लेफ्ट’. या सगळ्यांत ‘हॅव’च्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं, ‘मस्ट हॅव वेन्ट’ नाही, ‘मस्ट हॅव गॉन’.

पायरी २: ‘मला वाटलं’

‘मला वाटलं तू त्याला ओळखतोस.’ शिकणारा म्हणतो, ‘आय थॉट यू नो हिम’. बरोबर वाक्य आहे ‘आय थॉट यू न्यू हिम’. वाटणं मागे गेलं की वाटण्यातला मजकूरही एक पाऊल मागे जातो. ‘इज’चं ‘वॉज’ होतं, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘हॅव’चं ‘हॅड’. ‘मला वाटलं तू येशील’ म्हणजे ‘आय थॉट यू वुड कम’.

या वाक्यात आवाजाचा जोर कुठे पडतो याकडे नीट लक्ष द्या, कारण त्यावर अर्थ उलटतो. ‘आय थॉट यू न्यू हिम’ म्हणताना जोर ‘न्यू’वर पडला तर अर्थ होतो, मला वाटलं होतं ओळखतोस, पण तू तर ओळखत नाहीस. तोच जोर ‘थॉट’वर पडला तर अर्थ होतो, मला वाटलंच होतं की तू ओळखत असणार. मराठीत हे काम ‘च’ करतो. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द लागत नाही, आवाजच पुरतो. सगळे शब्द एका पट्टीत म्हटले तर ऐकणाऱ्याला यातला कुठला अर्थ घ्यायचा ते कळत नाही. दोन्ही प्रकार मोठ्याने, एकामागोमाग एक म्हणून बघा. जोराच्या शब्दावर आवाज वर जाऊन खाली येतो आणि बाकीचे शब्द आखडतात.

‘मला वाटत होतं’ यालाही बहुतेक वेळा साधं ‘आय थॉट’च पुरतं. ‘आय वॉज थिंकिंग’ दुसऱ्या कामाला येतं: एखादी गोष्ट हळूच सुचवायला. ‘आय वॉज थिंकिंग वी कुड मीट अर्लियर’ म्हणजे जरा लवकर भेटावं का, असं मनात आहे. रूप भूतकाळाचं, विचार आत्ताचा. विनंती करताना येणारं ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प’ याच जातीचं.

पायरी ३: दुसऱ्याचं बोलणं

आधी क्रियापद निवडा. ‘सेड’ला माणूस लागत नाही, ‘टोल्ड’ला लागतोच. ‘शी सेड शी वॉज टायर्ड.’ ‘शी टोल्ड मी शी वॉज टायर्ड.’ मराठीत ‘मला म्हणाली’ आणि ‘मला सांगितलं’ दोन्ही चालतात, म्हणून ‘शी सेड मी’ आणि ‘शी टोल्ड दॅट’ या दोन चुका जोडीने होतात. ‘एक्सप्लेन’ आणि ‘सजेस्ट’ यांच्या लगेच पुढेही माणूस येत नाही: ‘शी एक्सप्लेन्ड इट टू मी’, ‘ही सजेस्टेड दॅट वी वेट’.

आता एक वाक्य घेऊन शेवटपर्यंत जाऊ. ‘तो म्हणाला की मी उद्या तुला फोन करतो.’

शब्दाला शब्द ठेवला तर होतं: ‘ही सेड दॅट आय विल कॉल यू टुमॉरो.’ हे वाक्य व्याकरणात पूर्ण बरोबर आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. ऐकणारा समजतो की उद्या तुम्ही त्याला फोन करणार आहात. तो फोनची वाट बघत बसतो, आणि चूक झाल्याचं दोघांनाही कळत नाही.

म्हणून आधी माणसं बदला. ‘मी’ म्हणजे फोन करणारा, म्हणून ‘ही’. ‘तुला’ म्हणजे आत्ता सांगणारे तुम्ही, म्हणून ‘मी’. ऐकताना मराठी ‘मी’ आणि इंग्रजी ‘मी’ यांची गल्लत होऊ देऊ नका. इंग्रजी ‘मी’ म्हणजे ‘मला’. मग काळ बदला. मराठीत ‘करतो’ वर्तमानकाळात असलं तरी ते उद्याचं आश्वासन आहे. इंग्रजीत ते ‘विल’ होतं, आणि सांगणं मागे गेल्यामुळे ‘वुड’. शेवटी दिवस तपासा. हे त्याच दिवशी सांगत असाल तर ‘टुमॉरो’ तसंच राहील. आठवड्याने सांगत असाल तर ‘द नेक्स्ट डे’. वाक्य होतं: ‘ही सेड ही वुड कॉल मी टुमॉरो.’

शाळेच्या पुस्तकांत ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’ अशी कोष्टकं पाठ करायला लावतात. ती डोळे झाकून वापरू नका. ज्या खोलीत ते बोलणं झालं त्याच खोलीत बसून सांगत असाल तर ‘हिअर’ हे ‘हिअर’च राहतं.

काळ दर वेळी मागे न्यावाच लागतो असंही नाही. गोष्ट अजून खरी असेल तर ‘शी सेड शी लिव्ह्ज निअर द स्टेशन’ चालतं, ‘लिव्ड’ही चालतं. पण त्याच्या बोलण्याची तुम्हाला खात्री नसेल, किंवा आता परिस्थिती बदलली असेल, तर मागेच न्या. नवख्याने सरसकट मागे नेण्याची सवय लावावी, तीत सहसा चूक होत नाही. आत्ताच मेसेज आलाय आणि तुम्ही तो वाचून सांगताय, तर सगळंच वर्तमानात ठेवा: ‘ही सेज हील बी लेट’.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या आत आलेल्या प्रश्नात. ‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस?’ याचं ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ होतं. बरोबर वाक्य: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.’ प्रश्नाच्या शब्दाआधीचं ‘दॅट’ गेलं, ‘डू’ गेलं, आणि कर्ता क्रियापदाच्या आधी आला, साध्या विधानासारखा. हो-नाही असा प्रश्न असेल तर ‘का’च्या जागी ‘इफ’ येतं: ‘येतोस का’ याचं ‘शी आस्क्ड इफ आय वॉज कमिंग’. हा क्रम फक्त ‘विचारलं’पुरता नाही. ‘तो कुठे आहे माहीत नाही’ म्हणजे ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’. ‘किती वाजले माहीत आहे का’ म्हणजे ‘डू यू नो व्हॉट टाइम इट इज?’ दिवसातून अनेकदा लागणारी वाक्यं आहेत ही, आणि वर्षानुवर्षं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीसुद्धा ‘व्हेअर इज ही’ राहून जातं.

काम सांगणं सोपं आहे, कारण मराठीची घडण जुळते. ‘थांबायला सांगितलं’ म्हणजे ‘टोल्ड मी टू वेट’, ‘थांबू नको म्हणाला’ म्हणजे ‘टोल्ड मी नॉट टू वेट’. एवढं सांभाळा की ‘टोल्ड’मध्ये हुकूम आहे आणि ‘आस्क्ड’मध्ये विनंती. ‘आय टोल्ड माय बॉस टू साइन इट’ ऐकलं की वाटतं तुम्ही साहेबांना फर्मावलंत. तिथे ‘आस्क्ड’ हवं.

मित्रमंडळींच्या गप्पांत ‘ही वॉज लाइक, आयम नॉट गोइंग’ असं कानावर येईल. तिथे मात्र बोलणाऱ्याचे शब्द मराठीसारखे जसेच्या तसे राहतात, ‘आय’सुद्धा बदलत नाही. ऐकून समजायला हवंच. वापरायचं तर गप्पांत, कचेरीच्या पत्रात नाही.

पायरी ४: ‘म्हणे’

ऐकीव गोष्ट सांगताना इंग्रजीत बहुधा वाक्याच्या सुरुवातीलाच खूण करतात. ‘तो नोकरी सोडतोय म्हणे’ याला ‘अपॅरंटली हीज लीव्हिंग हिज जॉब’ किंवा ‘आय हर्ड हीज लीव्हिंग’. ‘तो दवाखाना चांगला आहे म्हणतात’ याला ‘इट्स सपोज्ड टू बी गुड’. ‘सपोजेडली’ म्हटलं की त्यात अविश्वास मिसळतो, तेव्हा ते उगाच वापरू नका. ‘इट इज सेड दॅट’ बोलण्यात जड वाटतं.

पायरी ५: घडून गेलेलं सांगताना

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत खोल रुतलेली चूक इथे आहे. ‘मी काल तिला भेटलो होतो’ याचं ‘आय हॅड मेट हर यस्टरडे’. मराठीतलं ‘होतो’ नुसतं झालेल्या गोष्टीलाही लागतं. इंग्रजीतलं ‘हॅड’ मात्र सांगतं की ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी मागच्या गोष्टीच्याही आधी झाली. त्यामुळे ऐकणारा पुढचं वाक्य यायची वाट बघतो, आणि ते येत नाही. म्हणायचं इतकंच: ‘आय मेट हर यस्टरडे.’

‘हॅड’ कधी लागतो हे या जोडीत दिसतं. ‘व्हेन आय गॉट देअर, दे हॅड लेफ्ट’: मी पोचलो तेव्हा ते आधीच निघाले होते, भेट झाली नाही. ‘व्हेन आय गॉट देअर, दे लेफ्ट’: मी पोचलो आणि मग ते निघाले. मनातल्या मराठी वाक्यात ‘होतो, होती, होते’ आलं की स्वतःला विचारा, कशाच्या आधी? उत्तर बोलण्यातच असेल तर ‘हॅड’. उत्तर नसेल तर साधा भूतकाळ.

आता अनुभव. कधी घडलं ते सांगायचं नाही, फक्त गाठीला आहे एवढंच सांगायचंय, तर ‘हॅव’: ‘आयव्ह डन धिस बिफोर.’ संपून गेलेल्या वेळेचा उल्लेख आला की ‘हॅव’ सोडावा लागतो. ‘आयव्ह डन इट लास्ट इयर’ चूक, ‘आय डिड इट लास्ट इयर’ बरोबर. खऱ्या संभाषणात हे दोन्ही एकामागोमाग येतात. कुणी विचारतं, ‘हॅव यू एव्हर वर्क्ड नाइट्स?’ उत्तर: ‘येस, आय हॅव. आय डिड इट फॉर टू यर्स आफ्टर कॉलेज.’ दार ‘हॅव’ने उघडतं, तपशील साध्या भूतकाळात येतो. शिकणारे बहुधा पुढची दहा वाक्यंही ‘हॅव’मध्येच ओढत नेतात, तपशील सुरू झाला की ते सोडा.

‘गॉन’ आणि ‘बिन’ यांत फरक आहे. ‘शीज गॉन टू लंडन’ म्हणजे गेलीय, अजून तिकडेच आहे. ‘शीज बिन टू लंडन’ म्हणजे जाऊन आलीय. मराठीतलं ‘जाऊन आलोय’ इथे तंतोतंत बसतं, म्हणून मनात ते आलं की ‘बिन’ म्हणा. समोर उभं राहून ‘आय हॅव गॉन टू लंडन’ म्हणता येत नाही.

अमेरिकन लोक ‘ऑलरेडी’, ‘यट’, ‘जस्ट’ यांच्यासोबत साधा भूतकाळही सर्रास वापरतात: ‘डिड यू ईट यट?’ ब्रिटिश वळण ‘हॅव यू ईटन यट?’ असं. दोन्ही समजायला हवीत.

अजून चालू असलेल्या गोष्टीला ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री यर्स’ म्हणू नका. ‘आयव्ह बिन वर्किंग हिअर फॉर थ्री यर्स.’ किती काळ ते ‘फॉर’ने, कधीपासून ते ‘सिन्स’ने: ‘सिन्स जून’, ‘सिन्स २०२१’. आणि ‘मी पहिल्यांदाच रात्री गाडी चालवतोय’ यात मराठीत वर्तमानकाळ असला तरी इंग्रजीत ‘धिस इज द फर्स्ट टाइम आयव्ह ड्रिवन अ‍ॅट नाइट’.

पायरी ६: ‘करायचो’, आणि आठवण

मागची सवय ‘यूज्ड टू’ने सांगतात: ‘आय यूज्ड टू वॉक टू स्कूल’, चालत जायचो. उच्चार जोडून, ‘यूस्टू’. किती वर्षं ते सांगायचं असेल तर हे रूप चालत नाही. ‘आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह यर्स’ चूक, ‘आय लिव्ड देअर फॉर फाइव्ह यर्स’ बरोबर. ‘आयम यूज्ड टू वॉकिंग’ म्हणजे चालायची सवय आहे, आजही. एक ‘आयम’ आणि एक ‘इंग’ यांनी अर्थ बदलतो. जुन्या आठवणी रंगवून सांगताना ‘वुड’ही येतो, ‘वी वुड सिट आउटसाइड’, पण फक्त पुन्हापुन्हा केलेल्या कृतीला. ‘माझ्याकडे सायकल असायची’ याला ‘आय यूज्ड टू हॅव अ बाइक’च.

‘कुलूप लावल्याचं आठवतंय’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. ‘आठवणीने कुलूप लावलं’ म्हणजे ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’. ‘लावायला विसरलो’ म्हणजे ‘आय फरगॉट टू लॉक इट’. पाहिलेलं सांगताना ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे पार जाईपर्यंत पाहिलं, ‘क्रॉसिंग’ म्हणजे मधेच असताना दिसला.

सराव

रोज दहा मिनिटं पुरतात. दिवसभरात कुणी तुम्हाला सांगितलेल्या तीन गोष्टी, विचारलेला एक प्रश्न, तुम्हाला वाटलेली एक गोष्ट आणि कालची एक घटना मराठीत लिहा. प्रत्येक ‘मी’ आणि ‘तू’खाली रेघ मारून वर खऱ्या माणसाचं नाव लिहा. मगच इंग्रजीत न्या, आणि मोठ्याने म्हणा. नावं लिहिण्याची पायरी गाळू नका. सर्वनामांच्या चुका तिथेच पकडल्या जातात.

ऐकण्याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण वेगाने बोलताना ‘ही वुड’ आणि ‘ही हॅड’ दोन्ही ‘हीड’ होतात. ओळखायचं पुढच्या क्रियापदावरून. ‘ही सेड हीड गो’: मूळ रूप आलं, म्हणजे ‘वुड’, जाईन म्हणाला. ‘ही सेड हीड गॉन’: तिसरं रूप आलं, म्हणजे ‘हॅड’, गेलो होतो म्हणाला. ‘कम’, ‘पुट’, ‘रन’ यांची दोन्ही रूपं सारखीच असल्यामुळे ‘ही सेड हीड कम’मध्ये क्रियापद मदत करत नाही. तिथे आजूबाजूचे शब्द ऐका: ‘लेटर’, ‘सून’ असेल तर यायचाय, ‘ऑलरेडी’, ‘बिफोर’ असेल तर येऊन गेलाय. तेही नसतील तर बोलणारा माणूससुद्धा ‘ही वुड कम’ असं सुटं करून सांगतो, आणि तुम्हीही तसंच सांगा.